मॅन्युअल असो की ऑटोमॅटिक, क्रूझ कंट्रोल वापरायचं कसं आणि गाडीत नसेल तर बसवायचं कसं

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत खुला झाला, नागपूर ते आमणे सलग ७०१ किलोमीटर, आणि तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक दुसरा माणूस विचारतो की आपल्या गाडीला क्रूझ, म्हणजे ठरवलेला स्पीड पाय न लावता धरून ठेवणारी सोय, बसवता येईल का. साहजिक आहे. सरळसोट रस्त्यावर तासन् तास एकाच पायाने रेस धरून बसलं की पोटरी भरून येते, घोटा आखडतो, आणि गप्पांच्या नादात काटा कधी १२० च्या पुढे सरकला ते कळतही नाही, कॅमेऱ्याला मात्र कळतं. क्रूझ या दोन्हीवर खरंच उत्तम उपाय आहे आणि नीट वापरलं तर मला ते प्रत्येक हायवेवाल्या गाडीत हवंच असं वाटतं. पण अ‍ॅक्सेसरीजवाले दुकानात जे दाखवतात ते फक्त 'सेट' बटण दाबलं की लागतं कसं एवढंच, माझं म्हणणं असं की क्रूझ लागतं कसं याच्या आधी ते सुटतं कसं ते बघा. वापरताना पण हेच आणि बसवताना तर दुप्पट हेच.

आधी थोडक्यात आत काय चालतं ते. हल्लीच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पेडलपासून इंजिनपर्यंत तार जात नाही, पेडलवर सेन्सर असतो, तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो की पाय किती दाबलाय आणि ईसीयू मोटरने थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडतो. क्रूझ म्हणजे काय तर पायाच्या जागी ईसीयू स्वतः हिशोब करतो, सेट केलेला स्पीड आणि खरा स्पीड यात फरक किती, फरक वाढला की थ्रॉटल जास्त, कमी झाला की कमी. बस, एवढंच. साधं क्रूझ ब्रेक मारत नाही, पुढची गाडी बघत नाही, वळण बघत नाही. आणि ते सोडायला लावणारे सिग्नल असतात ब्रेक पेडलचा स्विच, मॅन्युअलमध्ये क्लच पेडलचा स्विच, आणि कॅन्सल बटण. ही कल्पना राल्फ टीटर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची, लहानपणीच दृष्टी गेलेला माणूस, स्वतः गाडी चालवू न शकणारा, म्हणतात की दुसऱ्याच्या गाडीत बसताना सारखे बसणारे हिसके त्याला असह्य व्हायचे, त्यातून हे सुचलं. पेटंट मिळालं १९५० मध्ये आणि गाडीत आलं १९५८ च्या क्रायस्लर इम्पिरियलमध्ये.

आता वापर. बटणं बहुतेक गाड्यांत सारखीच, एक मेन ऑन-ऑफ, एक 'सेट' जे पुढे मायनसचं काम करतं, एक 'रेझ्युम' जे प्लसचं काम करतं आणि एक 'कॅन्सल'. साधारण ३०-४० च्या खाली क्रूझ लागतच नाही. हव्या त्या स्पीडला या, दोन-तीन सेकंद स्थिर चालवा, सेट दाबा, मीटरवर दिवा आला की पाय हळूच उचला. उचललेला पाय मांडी घालून सीटवर घ्यायचा नाही, तो ब्रेकच्या जवळ जमिनीवर ठेवायचा, टाच अशी टेकवायची की नुसता पंजा वळवला की ब्रेक सापडला पाहिजे. पायाला विश्रांती मिळते ती दाब धरून ठेवावा लागत नाही याची.

ओव्हरटेक करायचं असेल तर क्रूझ काढायची गरज नाही, सरळ रेस द्या, पुढे गेल्यावर पाय काढला की गाडी आपोआप जुन्या स्पीडला येते. कॅन्सल दाबलं की स्पीड लक्षात राहतो, मेन ऑफ केलं की विसरला जातो. हा फरक फार महत्त्वाचा आहे कारण 'रेझ्युम'मध्येच खरा धोका असतो. समजा १०० ला सेट होतं, टोलनाक्याला ब्रेक मारला, पुढे एक्झिट घेऊन गावाच्या रस्त्याला लागलात आणि ५० ला असताना चुकून रेझ्युमला बोट लागलं तर गाडी १०० गाठायला निघणार, आणि ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर टाकून जोरात उसळी मारणार. म्हणून हायवे सोडला की मेन स्विच ऑफ, नुसतं कॅन्सल नाही. तसंच रेझ्युम तेव्हाच दाबायचं जेव्हा सध्याचा स्पीड आणि सेट स्पीड यात दहा-पंधराचाच फरक असेल, जास्त असेल तर पायाने स्पीड वर आणा आणि मग नव्याने सेट करा.

मॅन्युअलवाल्यांनी गिअरची निवड आपल्याकडेच आहे हे ध्यानात ठेवायचं. क्रूझला गिअर बदलता येत नाही, त्याच्या हातात फक्त थ्रॉटल. छोट्या पेट्रोल गाडीत ६० ला टॉप गिअर टाकून क्रूझ लावलं तर किंचित चढ आला की थ्रॉटल पूर्ण उघडतं, तरी गाडी दम टाकते, इंजिन घरघरतं, आणि स्पीड सेटच्या बराच खाली घसरला की बऱ्याच गाड्यांत क्रूझ आपोआप सुटतं. डिझेलला खालच्या आरपीएमला (इंजिनच्या फेऱ्या) ताकद जास्त म्हणून ती जरा निभावून नेते. चढ दिसला की आधीच क्लच दाबा, म्हणजे क्रूझ सुटलं, खालचा गिअर टाका, क्लच सोडा, स्पीड नीट आला की रेझ्युम. काही नव्या गाड्यांत पटकन गिअर बदलला तर क्रूझ तात्पुरतं थांबून पुन्हा धरतं, तुमच्या गाडीचं माहितीपुस्तक बघा, गाडीगणिक वेगळं असतं. आणि क्लच दाबल्यावर इंजिन रिकामं भणाणलं, म्हणजे आरपीएम एकदम वर उडाला, तर समजा क्लचचा स्विच बिघडलाय, त्या दिवशी क्रूझ बंद ठेवा.

ऑटोमॅटिकमध्ये चढाचा त्रास कमी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या प्रकारांपैकी टॉर्क कन्व्हर्टर आणि डीसीटी वेळेवर खालचा गिअर घेतात, सीव्हीटीमध्ये आरपीएम वर चढून आवाज वाढतो पण ते नॉर्मल आहे, घाबरायचं काही नाही. एएमटी मात्र मध्यम चढावर वरचा गिअर की खालचा गिअर यात घुटमळते आणि प्रत्येक वेळी मान पुढे-मागे होते, तिथे क्रूझ काढून मॅन्युअल मोडला एक गिअर धरून चालवलेलं बरं. ऑटोमॅटिकवाल्यांची गफलत होते ती उतारावर. क्रूझ आहे म्हणजे गाडी ८० च्या वर जाणारच नाही असं वाटतं, पण थ्रॉटल शून्य केल्यावर साध्या क्रूझच्या हातात आणखी काही उरत नाही, उतार तिला ८० वरून ९०-९५ ला सहज नेतो. काही गाड्या स्वतः खालचा गिअर टाकून आवरतात, पण सगळ्या नाही.

म्हणून घाट आला की क्रूझ बंद. बोरघाट, कसारा, खंबाटकी, चढ असो की उतार. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला सपाटीला १०० ची मर्यादा आहे आणि घाटात ती बरीच खाली येते, शिवाय ट्रक तिन्ही लेन अडवून रांगत असतात, तिथे क्रूझला काहीच काम नाही. पावसातही तेच. रस्त्यावर पाण्याचा थर असेल आणि चाक तरंगलं तर तुमचा पाय आपसूक सैल पडतो, क्रूझचा पडत नाही, ते स्पीड टिकवायला बघतं. नव्या गाड्यांत घसरण जाणवली की ती आवरणारा ईएससी क्रूझ सोडवतो पण तोवर गाडी घसरलेली असते ना. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा लोणावळ्याच्या पट्ट्यात मी क्रूझला हातही लावू नका म्हणेन.

अजून एक, आणि हे समृद्धीसाठी खास. पायाला काम नाही, स्टिअरिंगला काम नाही, दोन्ही बाजूला तेच तेच दृश्य, मग डोळे उघडे असूनही मेंदू झोपतो. क्रूझने ही झोप लवकर येते हे मान्य करून चालायचं. दीड-दोन तासांनी थांबायचंच, आणि मधेमधे मुद्दाम क्रूझ सोडून दहा मिनिटं पायाने चालवायचं. दुपारी जेवून निघालात किंवा रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात असाल तर क्रूझ लावूच नका. टायर पण बघून घ्या, २०२३ मध्ये समृद्धीवर शिरतानाच आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली ती उगाच नाही, उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर एकाच स्पीडला तासभर पळणं झिजलेल्या टायरला झेपत नाही.

आता बसवण्याकडे येऊ.

सगळ्यात आधी गाडी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवा. पेडलला केबल असलेली जुनी गाडी असेल तर वेगळी मोटर किंवा व्हॅक्यूमवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर बसवून केबल ओढावी लागते, आपल्याकडे हे नीट करणारे फार थोडे आणि केबल अडकली तर थ्रॉटल उघडंच राहतं. अशा गाडीत बसवू नका, हे स्पष्ट सांगतो. इलेक्ट्रॉनिक पेडल असेल तर दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे कंपनीचंच क्रूझ जागं करणं. बऱ्याचदा टॉप मॉडेलमध्ये क्रूझ असतं आणि मधल्या मॉडेलमध्ये नसतं पण इंजिन तेच, ईसीयू तोच, कमी असतात फक्त स्टिअरिंगवरची बटणं, कधी दोन-तीन वायरी आणि कधी सॉफ्टवेअरमधली परवानगी. जुन्या पोलो, व्हेंटो, रॅपिडमध्ये क्रूझचे खटके इंडिकेटरच्या दांडीवर असतात, दांडी बदलायची, लागेल तिथे वायर ओढायची आणि व्हीसीडीएससारख्या टूलने कोडिंग करायचं, म्हणजे गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रूझ चालू करायचं. फोर्डवाले याच कामाला फोरस्कॅन वापरतात. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टिअरिंगमागे छोटी दांडी जोडली की काम होतं कारण वायरिंग आधीच तिथवर आलेलं असतं. तुमच्या गाडीत होईल का ते कळायला तुमच्याच मॉडेलचं, तेच इंजिन, तेच वर्ष, आणि मॅन्युअल असेल तर मॅन्युअलच असलेलं टॉप व्हेरियंट बघा, त्यात कंपनीचं क्रूझ असेल तर आशा आहे. ऑटोमॅटिकमध्ये आहे म्हणून मॅन्युअलमध्येही चालेल असं धरू नका, कारण मॅन्युअलला क्लच स्विच लागतो आणि तो सगळ्या व्हेरियंटमध्ये नसतो.

इथे जरा थांबतो कारण इथेच लोक फसतात. क्लचला दोन जागी स्विच असू शकतो. एक पेडल पूर्ण तळाला गेल्यावर दबतो, तो सेल्फ मारण्यासाठी, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय गाडी स्टार्ट होऊ नये म्हणून. दुसरा पेडल जरासं हललं की लगेच सुटतो, तो क्रूझसाठी. अ‍ॅक्सेसरीजवाला पहिला स्विच बघून म्हणतो 'आहे की क्लच स्विच', आणि त्याच्यावरच क्रूझ जोडतो. मग होतं काय तर तुम्ही क्लच अर्धा दाबला, चाकं इंजिनपासून सुटली, क्रूझला अजून पत्ता नाही, गाडी मंदावते म्हणून ते थ्रॉटल आणखी उघडतं आणि इंजिन किंचाळतं. डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन झोपा, क्लच पेडल हाताने एक-दीड सेंटीमीटर दाबा आणि वरच्या टोकाला स्विच टिक वाजतो का ते ऐका. नसेल तर तो ब्रॅकेटसकट बसवून घ्यायचा, त्याशिवाय मॅन्युअल गाडीत क्रूझ नाही.

पार्ट्स शक्यतो नवीन आणि कंपनीचेच घ्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जुने काढीव पार्ट मिळतात, बटणांचा सेट काढीव घेतला तर चालून जातं, पण स्टिअरिंगच्या आतली स्पायरल केबल काढीव घेऊ नका, एअरबॅगचं कनेक्शन त्याच्यातूनच जातं.

दुसरा रस्ता बाहेरच्या युनिव्हर्सल किटचा. हे पेडलच्या कपलरमध्ये (वायरींचा जोड) मधेच बसतं आणि पेडलचा खोटा सिग्नल ईसीयूला पाठवतं, म्हणजे ईसीयूला वाटतं पाय दाबलाय. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, ईसीयू दोघांची उत्तरं सतत ताडून बघतो, जरा जुळलं नाही की चेक इंजिनचा दिवा, पी२१३८ सारखा बिघाडाचा कोड आणि गाडी लिम्प मोडला, म्हणजे कितीही रेस द्या गाडी ओढणार नाही. भर एक्सप्रेसवेवर असं झालं तर काय होईल याचा विचार करा. त्यामुळे किट घेताना माझे प्रश्न हे असतील: तुमच्या गाडीसाठी वेगळा रेडीमेड कपलर येतो का, की वायर कापून जोडणार? कापणार असतील तर तिथूनच परत फिरा. ब्रेकचा सिग्नल कुठून घेतं? क्लचचा घेतं का, आणि ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रल टाकलं तर सुटतं का? स्पीड कुठून वाचतं, गाडीच्या नेटवर्कवरून, स्पीड सेन्सरच्या वायरवरून की जीपीएसवरून? जीपीएसवाल्याचं भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यात सिग्नल जाणार, तेव्हा ते सोडून देतं की शेवटचा आकडा धरून बसतं? आणि किट स्वतः बंद पडलं, फ्यूज उडाला, तर पेडल थेट ईसीयूला जोडलं जातं का? दुकानदाराला यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येत नसतील तर किट कितीही स्वस्त असो, सोडा. ब्रँडेड किट आणि बिननावाचं किट यात किमतीचा फरक पडतो तो मुख्यतः याच गोष्टींचा असतो.

एक तिसरा प्रकार म्हणजे रडारवालं अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ बाहेरून बसवून देतो म्हणणारे. नको. रडारला गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, ईएससी सगळ्यांशी बोलावं लागतं, बंपर जरा वाकडा बसला तरी त्याचं कॅलिब्रेशन जातं, हे कंपनीतूनच आलं पाहिजे.

फिटिंगच्या दिवशी घाई करू नका आणि शक्यतो समोर उभे राहा. स्टिअरिंग उघडायचं असेल तर चाकं सरळ, इग्निशन ऑफ, बॅटरीची निगेटिव्ह काढून माहितीपुस्तकात सांगितलेला वेळ थांबायचं, सहसा काही मिनिटं लागतात, तोवर एअरबॅगला हात नाही. फिटर लगेच पाना लावायला लागला तर त्याला थांबवा, तुमची गाडी आहे. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर टेस्ट लॅम्प लावायचा नाही, कधीच नाही. स्पायरल केबल जागेवरून फिरू द्यायची नाही, फिरली तर पुढे पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर तुटते आणि हॉर्न, बटणं, एअरबॅग सगळं एकदम जातं. नवीन वायर पेडलच्या हालचालीपासून लांब बांधलेली हवी, लोंबती वायर ब्रेक पेडलच्या दांड्यात अडकणं याहून वाईट काही नाही. आणि वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळली तर उन्हात टेप सुटते, कपलर नाहीतर सोल्डर करून हीट श्रिंक, दुसरं चालवून घेऊ नका.

वॉरंटीचं आधी विचारून घ्या. गाडी वॉरंटीत असेल आणि वायरिंगला हात लावला तर इलेक्ट्रिकल क्लेम नाकारायला सर्व्हिस सेंटरला कारण मिळतं, म्हणून वॉरंटीत असताना बसवायचंच तर अधिकृत शोरूममधून आणि बिलावर क्रूझचं नाव लिहून. इन्शुरन्स कंपनीला पण एक मेल टाकून ठेवा.

आता चाचणी, जी बहुतेक लोक करतच नाहीत. आधी ओबीडी स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून कोड शून्य आहेत याची खात्री. मग पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर, शेजारी कोणीतरी बसवून, ५० ला सेट करा. ब्रेकला नुसता पंजा टेकवा, गाडीला ब्रेक लागायच्या आधी क्रूझ सुटलं पाहिजे, जोर द्यावा लागला तर स्विच अ‍ॅडजस्ट करायला हवा. पुन्हा सेट, आता क्लच एक-दीड सेंटीमीटर, आरपीएम वर न उडता सुटलं पाहिजे. पुन्हा सेट, कॅन्सल. पुन्हा सेट, मेन ऑफ. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल. मग गाडी उभी करून बंद करा, परत चालू करा आणि वेग घेऊन रेझ्युम दाबा, काहीही व्हायला नको, कारण जुना स्पीड पुसला गेलेला असायला हवा. यातलं प्रत्येक तीन-चार वेळा करा, आणि एकदा जरी सुटायला उशीर झाला तर गाडी तिथूनच परत फिटरकडे.

नंतर देखभाल अशी काही नसते पण दोन गोष्टींनी चांगलं चालणारं क्रूझ बिघडतं. एक, मागचे ब्रेक लाईटचे साधे बल्ब काढून एलईडी टाकले की काही किट आणि काही गाड्या गोंधळतात, कारण ते बल्बच्या तारेतून अर्थिंग शोधत असतात, मग क्रूझ लागतच नाही, रिले टाकला की ही अडचण मिटते. दुसरं, क्लच प्लेट बदलली किंवा पेडलची उंची कोणी कमी-जास्त केली तर क्लचचा स्विच उशिरा सुटायला लागतो. गाडी सर्व्हिसिंगहून आली की पहिल्या मोकळ्या रस्त्यावर ५० ला सेट करून ब्रेक आणि क्लच दोन्हीची चाचणी परत करायची, ब्रेक लाईट दोन्ही पेटतात का ते पण भिंतीला गाडी लावून बघायचं, कारण ब्रेकचा स्विच गेला तर क्रूझपण सुटत नाही आणि मागच्यालाही कळत नाही.